दिवेलागणीनंतरचें घर

गेल्या सहामाहीस आमच्या सातव्या इयत्तेच्या वर्गास आम्हीं ‘आमच्या घरचें रात्रीचें जेवण’ या विषयावर वीस ओळींचा निबंध लिहावयास सांगितला होता. विषय साधा, मुलें तो घटकेंत लिहून देतील अशी आमची समजूत होती. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां बहुतेकांनीं भाकरी, भाजी, वरण, भात यांचीं वर्णनें केलेलीं आढळलीं. एका मुलानें मात्र सहाच ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा मतलब असा कीं, बाबा कामावरून उशिरां येतात आणि हातांत मोबाइल धरून जेवतात. आई ओट्यापाशीं उभ्यानेंच चार घांस खाते व मालिका पाहते. दादा आपलें ताट आंतल्या खोलींत नेतो. आणि मी कुत्र्याजवळ बसून जेवतों, कारण त्याच्याजवळ मोबाइल नाहीं.

ह्या ओळी वाचून आम्हांस प्रथम हंसूं आलें, परंतु तें फार वेळ टिकलें नाहीं. त्या मुलानें आपल्या घरचें म्हणून जें लिहिलें होतें, तें थोड्याफार फरकानें आमच्याहि घरचें वर्णन होतें. म्हणून त्याच्या संमतीनें, परंतु त्याचें नांव न सांगतां, ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शाळा मुलास दिवसाचे पांच-सहा तास आपल्यापाशीं ठेविते. त्यानंतरचा वेळ घराचा. त्यांतहि दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा काळ असा असतो कीं, जेव्हां घरचीं सर्व माणसें एका छपराखालीं येतात. ह्या दोन-तीन तासांत मूल जें शिकतें, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत छापलेलें नसतें. पूर्वीं हा काळ आपोआप भरून निघे; हल्लीं तो मुद्दाम राखावा लागतो. तो राखण्याचीं साधनें घरोघर आहेत. एकत्र पाहणें, एकत्र वाचणें, एखादें मुकें जनावर पाळणें आणि एकत्र रांधणें, अशीं तीं चार होत. त्यांचा क्रमानें विचार करूं.

‘टेलिव्हिजननें घरें बिघडविलीं’ असें म्हणण्याची पुष्कळ वडील मंडळींस संवय आहे. हें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. मुंबईचें दूरदर्शन केंद्र सन १९७२ च्या २ आक्टोबरला सुरूं झालें. पुढें सन १९८७ च्या जानेवारींत ‘रामायण’ आणि सन १९८८ च्या आक्टोबरांत ‘महाभारत’ ह्या मालिका रविवारीं सकाळीं दाखविल्या जाऊं लागल्या. त्या वेळीं आम्ही प्राथमिक शाळेंत होतों. आमच्या आळींत संच अवघे दोन. ज्या घरीं आम्ही जात असूं, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर वीस-पंचवीस चपलांचे जोड पडलेले असत. आंत हिंदु, ख्रिस्ती, मुसलमान असे सर्व शेजारी मांडीला मांडी लावून बसत. ‘महाभारता’चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांनीं लिहिले होते, हें आम्हांस फार मागाहून कळलें. परंतु त्या खोलींत बसणाऱ्यांस त्याचें कांहींच नवल वाटलें नसतें. मधेंच वीज गेली कीं त्या घरची आजी उरलेली गोष्ट तोंडानें सांगून पुरी करी, आणि वीज आली तरी मुलें पडद्याकडे न पाहतां आजीकडेच पाहत राहत.

ह्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, पडदा हा स्वतः शत्रु नव्हे. तो एक असतो तेव्हां माणसें त्याच्यापुढें जमतात. तो प्रत्येकाच्या हातीं वेगळा येतो तेव्हां माणसें पांगतात. सन २०१६ च्या सुमारास मोबाइलवरील इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि आम्हां शिक्षकांनींच मुलांस मोबाइलवर धडे पाठविण्यास आरंभ केला. ज्या घरांत मुलाच्या हातीं मोबाइल देत नसत, त्या घरांतहि तो शाळेच्या नांवानें गेला. तेव्हां ह्या बाबतींतला आमचा वांटा आम्ही आधींच कबूल करितों. पालकांस दोष देऊन शिक्षकांनीं हात झटकावे, हें आम्हांस शोभणार नाहीं. मात्र त्याच मार्च महिन्याच्या अखेरीस दूरदर्शननें ‘रामायण’ पुन्हां दाखविण्यास सुरवात केली, तेव्हां तेहतीस वर्षांपूर्वींचीं मुलें आपल्या मुलांस शेजारीं घेऊन बसलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. साधन तेंच; बसण्याची रीत बदलली म्हणजे फळ बदलतें.

अगदीं लहान मुलांसंबंधीं मात्र आमचा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०१९ मध्यें असें सुचविलें आहे कीं, एक वर्षाखालील मुलास पडद्यापुढें मुळींच बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासापेक्षां अधिक बसवूं नये. त्याहून कमी तितकें बरें. रडणाऱ्या धाकट्या भावंडाच्या हातीं मोबाइल देणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आयांनीं हें ध्यानांत ठेवावें. मोठ्या मुलांच्या बाबतींत ‘किती वेळ?’ ह्या प्रश्नाइतकाच ‘कोणाबरोबर?’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आठवड्यांतून एक चित्रपट, एक सामना किंवा एखाद्या मालिकेचा एक भाग सर्वांनीं मिळून पाहावा. निवड पाळीपाळीनें करावी, म्हणजे आजोबांच्या पाळीस नातवानें आणि नातवाच्या पाळीस आजोबांनीं थोडी कळ सोसावी. आणि पाहून झाल्यावर पडदा बंद करून दहा मिनिटें त्याविषयीं बोलावें. त्या दहा मिनिटांत मुलें जें विचारतात, तें वर्गांत विचारण्याचा त्यांस कधीं धीर होत नाहीं.

आतां वाचनाकडे वळूं. मराठींत मुलांसाठीं नियतकालिकें काढण्याची कल्पना फार जुनी आहे. मिशनऱ्यांचा ‘बालबोधमेवा’ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत निघूं लागला. वासुदेव गोविंद आपटे यांनीं ‘आनंद’ मासिक सन १९०६ मध्यें सुरूं केलें. सानेगुरुजींनीं ‘श्यामची आई’ हें पुस्तक सन १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्याचे भाग ‘प्रकरण’ ह्या नांवानें नव्हे, तर ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा रात्रींनीं मोजिले आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत असेल. दिवसाचें काम संपवून मित्रमंडळी जमली आहे आणि एकजण सांगत आहे, अशी त्याची मांडणी आहे. गोष्ट ही रात्रीं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाची वस्तु आहे, हें ते जाणत होते.

येथें आमच्या स्वतःच्या चुकीची हकीकत सांगणें जरूर आहे. आमची धाकटी कन्या सहा वर्षांची असतांना रोज रात्रीं एक चित्रांचें पुस्तक घेऊन आमच्या खुर्चीपाशीं उभी राही. आम्ही म्हणत असूं, “बाळ, आज उत्तरपत्रिका आहेत, उद्यां वाचूं.” कित्येक रात्रीं खरोखरच उत्तरपत्रिका असत. परंतु सत्य सांगावयाचें तर उत्तरपत्रिका संपल्यावर आम्ही मोबाइल हातीं घेत असूं, आणि ती हें पाहत असे. एके दिवशीं तिनें पुस्तक आणणें बंद केलें. तिनें हट्ट केला नाहीं, ती रडलीहि नाहीं. लाजेची गोष्ट ही कीं, तें आमच्या लक्षांत यावयास पंधरा दिवस लागले. दुसऱ्यांच्या मुलांचे निबंध तपासतां तपासतां आपल्या मुलीनें विचारावयाचें सोडून दिलें, हें ज्याच्या ध्यानांत येत नाहीं, त्यास शिक्षक म्हणावें काय, असा प्रश्न आम्हीं त्या रात्रीं स्वतःस विचारिला. मग आम्हीं होऊनच पुस्तक काढून तिला हांक मारिली. तिनें विचारलें, “पप्पा, मोबाइल बाहेरच्या खोलींत ठेवूं का?” तेव्हांपासून तो बाहेरच्या खोलींत असतो. आतां ती दहा वर्षांची आहे. स्वतः भराभर वाचते. तरीहि रात्रींची पंधरा मिनिटें तिनें सोडलेलीं नाहींत.

मोठ्यानें वाचून दाखविण्यापासून अभ्यासाचाहि मोठा फायदा आहे. ग्रंथाची भाषा आणि बोलण्याची भाषा ह्या दोहोंत अंतर असतें. ज्या मुलानें लांब, सुसंगत वाक्यें कानांनीं पुष्कळ ऐकलीं आहेत, त्यास तीं डोळ्यांनीं वाचतांना परकीं वाटत नाहींत. परीक्षेच्या वेळीं ‘मुलास उतारा समजत नाहीं’ अशी तक्रार घेऊन जे पालक येतात, त्यांस आम्ही शिकवणीऐवजीं हाच उपाय सांगत असतों. पुस्तकें फार महाग असावींत असेंहि नाहीं. चांगलीं मराठी बालपुस्तकें थोडक्या किंमतींत मिळतात, आणि आमच्या शाळेच्या ग्रंथालयांतून तीं फुकट नेतां येतात.

येथें कोणी म्हणेल, “गुरुजी, आम्हांस वाचतां येत नाहीं, आम्ही काय करावें?” हा प्रश्न खरा आहे. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांचे आईबाप ऊसतोडीस, बांधकामास अगर दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरीस जातात. त्यांस शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नाहीं. त्यांस आमचें उत्तर असें कीं, तुम्ही वाचूं नका. मुलास वाचावयास लावा, आणि तुम्ही ऐका. आठवीची एक विद्यार्थिनी आपल्या आजीस रोज दोन पानें वाचून दाखविते. एके दिवशीं धड्यांत विहिरीवरील मोटेचें वर्णन आलें. तें ऐकून आजीनें नाडा कोणता, सोंदूर कोणता, आणि बैल उतरणीवर कां चालवावयाचे, हें सर्व तिला समजावून दिलें. दुसऱ्या दिवशीं त्या मुलीनें तें वर्गास सांगितलें. आम्हांसहि त्यांतील निम्में ठाऊक नव्हतें. ज्या आजीस अक्षर येत नाहीं, ती त्या दिवशीं आमच्या वर्गाची शिक्षिका झाली.

तिसरी गोष्ट पाळीव जनावरांची. आमच्या निबंधकारानें आपल्या कुत्र्याजवळ बसून जेवण केलें, ह्यांत त्या कुत्र्याची थोरवी आहे आणि आम्हां माणसांची नाचक्की आहे. जनावर पाळल्यानें मूल नियमितपणा शिकतें. कुत्र्यास परीक्षा कळत नाहीं आणि सुट्टीहि कळत नाहीं. त्यास ठरलेल्या वेळीं पाणी पाहिजे, भाकरी पाहिजे, आणि बाहेर हिंडावयास पाहिजे. ‘माझें’ म्हणणें सोपें आहे. रोज पहांटे उठून ‘माझें’ ठरविणें अवघड आहे. म्हणून जनावर पाळण्यापूर्वीं त्याची निगा कोण राखणार, हें घरांत ठरवावें. नाहीं तर तें ओझें अखेर आईच्याच डोक्यावर येतें.

ह्या कामीं प्रेमाबरोबर ज्ञानहि पाहिजे. कांदा, लसूण आणि चॉकोलेट हे पदार्थ कुत्र्यास अपायकारक आहेत. कुत्र्यामांजरांस पिसाळरोगाची लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. पाळलेल्या अगर रस्त्यावरील कुत्र्यानें चावा घेतल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. तिखट, चुना, हळद असले उपचार करीत बसूं नये. ह्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे रोगी वांचणें जवळजवळ अशक्य होतें. परंतु वेळेवर लस घेतल्यास तो टळतो. सन १८८५ मध्यें लुई पाश्चर यांनीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोंचून त्याचे प्राण वांचविले, तेव्हांपासून हें जगास ठाऊक आहे. मुलें मार बसेल ह्या भीतीनें पुष्कळदां चावा लपवून ठेवितात. तेव्हां पालकांनीं आपल्या मुलांस आधींच सांगून ठेवावें कीं, असल्या गोष्टीबद्दल ह्या घरांत कोणी रागावणार नाहीं. एवढ्या एका वाक्यानें एखाद्याचा जीव वांचेल.

आणखी एक गोष्ट. कित्येक घरांत हौसेनें पोपट पिंजऱ्यांत ठेवितात. आपल्याकडील रानपोपट धरणें, विकणें अगर पाळणें हें सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. कायदा बाजूस ठेविला तरी, ज्याचे पंख आभाळासाठीं आहेत त्यास दांडीवर बसवून बोल शिकविणें हें पाळणें नव्हे. अंगणांत पाण्याचें एक पसरट भांडें ठेवा. पिंजरा न करितांहि पांखरें येतील.

शेवटची गोष्ट स्वयंपाकाची. आणि आमच्या मतें ह्या सर्वांची कळ येथेंच आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ सन १९१० मध्यें आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ सन १९७० मध्यें प्रसिद्ध झाली. हीं दोन्ही पुस्तकें मोठ्या योग्यतेचीं आहेत. परंतु दोहोंची वाचक गृहिणीच असणार, असें समाजानें गृहीत धरिलें होतें. तें गृहीत आतां सोडण्याची वेळ आली आहे. मुलींबरोबर मुलांनींहि चुलीपाशीं बसावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. हें आम्हीं पालकसभेंत बोलून दाखविलें तेव्हां एक बाई म्हणाल्या, “सर, मुलगा भाकरी थापूं लागला तर लोक काय म्हणतील?” आम्हीं त्यांस विचारलें, “ताई, तोच मुलगा उद्यां नोकरीसाठीं पुण्यास एकटा राहिला आणि उपाशी निजला, तर तुम्ही काय म्हणाल?” सभेंत हंशा पिकला; परंतु त्या बाई हंसल्या नाहींत. त्या विचार करीत होत्या, आणि तेंच योग्य होतें.

स्वयंपाक ही प्रयोगशाळाहि आहे. ज्वारीच्या पिठास गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. म्हणून तें गरम पाण्यानें भिजवून चांगलें मळावें लागतें, आणि पोळीसारखें लाटण्याऐवजीं हातानें थापावें लागतें. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाण्याचा हात कां फिरवितात, तें पाणी सुकण्याच्या बेतास आलें कीं भाकरी कां उलटितात, ती टम्म कां फुगते, हें ज्यानें स्वतः करून पाहिलें त्यास वाफेचा धडा दुसऱ्यानें शिकवावा लागत नाहीं. प्रेशर कुकरांत दाब वाढल्यामुळें पाणी १०० अंशांऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें आणि डाळ लौकर शिजते, हा पदार्थविज्ञानाचा सिद्धांत आमचे विद्यार्थी पाठ म्हणतात. परंतु कुकर लावावयास सांगितला तर इकडे तिकडे पाहतात.

तथापि स्वयंपाकाचा खरा लाभ ह्याहून निराळा आहे. ज्या मुलानें आपल्या निबंधांत ‘आई उभ्यानेंच जेवते’ असें लिहिलें, त्याच्या आईस बसावयास वेळ कां मिळत नाहीं? कारण वाढणें, पाणी देणें, ओटा पुसणें, भांडीं विसळणें हीं सर्व कामें तिच्या एकटीचीं आहेत. बापानें तांदूळ निवडले, थोरल्यानें कोशिंबीर केली, धाकट्यानें ताटें मांडलीं, आणि जेवण झाल्यावर ज्यानें त्यानें आपलें ताट घासलें, तर आईस पाटावर बसतां येईल. आई बसली म्हणजे पंगत होईल; आणि पंगत झाली म्हणजे मोबाइल खालीं ठेवा असें कोणास सांगावें लागणार नाहीं. ‘सर्वांनीं एकत्र जेवावें’ हा उपदेश सर्वजण करितात. परंतु आईचें काम वांटून घेतल्यावांचून तो उपदेश कोरडा आहे. कुटुंबाची एकी ही प्रथम श्रमांची असते, मग ताटाची.

हें सर्व करावयास फुरसत कोठें आहे, असें पुष्कळ पालक म्हणतील. कोणी रात्रपाळीस जातात, कोणी दोन ठिकाणीं काम करितात; त्यांचे कष्ट आम्ही जाणतों. त्यांस आम्ही चार गोष्टी सांगत नाहीं, एकच सांगतों. ज्यास जी साधेल ती त्यानें उचलावी. आठवड्यांतून एक सायंकाळ, नाहीं तर रोजचीं पंधरा मिनिटें. एका खोलीचें घर असेल तर तें ह्या कामीं उलट सोयीचें आहे. तेथें माणसांस दूर जावयास जागाच नसते. सौ. लक्ष्मीबाई टिळक यांनीं ‘स्मृतिचित्रें’ लिहिलीं, त्यांत राजवाडे नाहींत. संसारांतलीं ओढाताण, रुसवेफुगवे, चूल आणि पाहुणे हेंच आहे. नियमित शाळेंत न गेलेल्या त्या बाईंनीं घरांतल्या साध्या प्रसंगांतून मराठीस एक थोर ग्रंथ दिला. साध्या घरांत किती सांठविलेलें असतें, हें पाहावयाचें असेल तर आमच्या वाचकांनीं तो अवश्य वाचावा. रात्रीं, मोठ्यानें वाचला तर अधिक बरें.

विद्यार्थिमित्रहो, सर्व भार वडिलांवर टाकून तुम्हीं मोकळें होऊं नये. आज घरीं गेल्यावर तुमच्यापैकीं एकानें जरी ‘आई, तूं बस, मी वाढतों’ असें म्हटलें, तर आमच्या ह्या लांबलेल्या लेखाचें सार्थक झालें.

त्या सहा ओळींच्या निबंधास किती गुण द्यावे, हें आम्हांस बराच वेळ सुचेना. वीस ओळी मागितल्या होत्या, म्हणून नियमाप्रमाणें गुण कापणें प्राप्त होतें. परंतु खोट्या वीस ओळींपेक्षां खऱ्या सहा ओळी आम्हांस अधिक मोलाच्या वाटल्या. आम्हीं पुरे गुण दिले, आणि वही परत देतांना त्या मुलास सांगितलें कीं, पुढल्या सहामाहीस हाच निबंध पुन्हां लिही. त्या वेळीं त्याच्या ओळी किती वाढतील, हें आमच्या हातीं नाहीं. तें त्याच्या घरच्यांच्या हातीं आहे. आमच्या स्वतःच्या घरापुरतें मात्र तें आमच्या हातीं आहे, हें आम्ही विसरणार नाहीं; आणि आपल्या घरापुरतें तें आपल्या हातीं आहे, हें आमच्या वाचकांनींहि विसरूं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.